लंगड्या घोड्याचा इतिहास

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें चाळूं लागलें म्हणजे घोड्याचें नांव ज्यांत नाहीं असें पान क्वचितच आढळतें. अमुक सरदार इतक्या हजार स्वारांनिशीं निघाला, अमुक मजल इतक्या दिवसांत मारली, अमुक ठिकाणीं शत्रूचीं इतकीं घोडीं पाडाव केलीं, हे तपशील बखरकार व पत्रलेखक मोठ्या हौसेनें नोंदतात. परंतु त्या मजलींत ज्या घोड्याचा पाय कामांतून गेला, जो मागें राहिला आणि ज्याच्या पाठीवरचें खोगीर उतरवून दुसऱ्यावर चढविलें गेलें, त्याचें पुढें काय झालें हें सांगावयास कोणी थांबत नाहीं. थांबणार तरी कसें? फौज पुढें गेलेली असते, आणि लेखणी फौजेबरोबर जाते. आमच्या इतिहासांत घोड्याच्या पाठीवरून दिसलेलें जग पुष्कळ आहे. घोड्याच्या पायाशीं बसून पाहिलेलें जग जवळ जवळ नाहींच.

तें जग थोडेंसें पाहावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय वरकरणीं लहान आहे. घोड्याच्या पायाची कंडरा, म्हणजे आमचे लोक जिला ढोबळपणें ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणतात ती दोरीसारखी बळकट शिरा, दुखावली असतां माणसानें तिच्यावर कोणते उपाय केले, आणि तापल्या सळईच्या डागापासून आजच्या इंजेक्शनच्या सुईपर्यंतचा प्रवास कसा झाला, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. परंतु या लहान विषयाच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दुखावलेल्या जिवास बरें करणें आणि त्याला पुन्हां कामास जुंपण्याजोगा करणें, या दोन गोष्टी एकच आहेत काय? सुज्ञ वाचक ‘नाहीं’ असें लागलीच म्हणतील; पण इतिहासानें मात्र या दोहोंची गल्लत शतकानुशतकें केली आहे.

या विचारासाठीं मनमाड हें ठिकाण आम्हीं मुद्दाम घेतलें आहे. मनमाड म्हटलें कीं कोणाच्याहि डोळ्यांपुढें आगगाडीचें जंक्शन, धूर आणि फलाटावरची धांवपळ हींच येतात. परंतु रेल्वे येण्याच्या कितीतरी आधींपासून हा टापू घोड्यांच्या वाटेवर होता. दक्षिणेस अणकाई-टणकाईचे जुळे किल्ले, पश्चिमेस होळकरांचें चांदवड, उत्तरेस मालेगांव आणि अणकाईच्या पलीकडे येवलें, अशी या गांवाची चतुःसीमा. अहमदनगरकडून (आजचें अहिल्यानगर) खानदेशांत उतरणारी फौज याच खिंडींतून जावयाची. १८१८ सालीं इंग्रजांनीं अणकाईचा किल्ला घेतला आणि पुढें मालेगांवास वेढा घातला, तो याच टापूंत. सेनापति तात्या टोपे यांचें जन्मगांव जें येवलें, तेथें मंगळवारचा घोडेबाजार पूर्वापार भरत आला आहे. दसऱ्याच्या सुमारास तर तो विशेष फुलतो. अशा मुलुखांत घोड्याची परीक्षा करणारीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या नांदावीं यांत नवल नाहीं.

मग रेल्वे आली. १८७८ मध्यें दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, आणि १९०० च्या सुमारास निजामच्या राज्यांतील गोदावरीच्या खोऱ्याचा लोहमार्ग मनमाडास येऊन मिळाला. रेल्वेनें घोड्याला हद्दपार केलें, असें सरसकट म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. तें अर्धेंच खरें आहे. लांब पल्ल्याची घोड्यांची डाक बसली, हें खरें. गोदावरीचा मार्ग होण्यापूर्वीं वेरूळचीं लेणीं पाहूं इच्छिणारा प्रवासी मनमाडच्या पुढें नांदगांव स्टेशनावर उतरे, आणि तेथून औरंगाबादेपर्यंतची (आजचें छत्रपति संभाजीनगर) पन्नासांवर मैलांची वाट वाटेंत घोडे बदलीत टांग्यानें तोडी. नवा मार्ग होतांच ही वाहतूक संपली. पण जेथें लोखंडी रस्ता संपे तेथें घोड्याचें काम संपत नसे, उलट वाढे. मालेगांवास आजतागायत रेल्वे नाहीं. मनमाड-इंदूर मार्गास मंजुरी मिळाली ती २०२४ मध्यें. म्हणजे सवाशें वर्षांहून अधिक काळ मालेगांवचें माणूस व माल यांस मनमाडापासून पुढचे बावीस-चोवीस मैल सडकेनेंच जावें लागलें, आणि मोटारी येईपर्यंत त्या सडकेवर बैल आणि घोडा यांवांचून तिसरें साधन नव्हतें. दौंडच्या मार्गावर कोपरगांवास उतरून शिर्डीस जाणारे भाविकहि टांग्यानेंच जात.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. फौजेंतल्या घोड्याचा दिवस सूर्यावर चाले. टांग्याच्या घोड्याचा दिवस आगगाडीच्या वेळापत्रकावर चालूं लागला. गाडी येईपर्यंत तासन्‌तास फलाटाबाहेर एका पायावर भार टाकून उभें राहावयाचें, आणि गाडी आली कीं भरल्या टांग्यासह खडीच्या रस्त्यावर एकदम दुडकी धरावयाची. परततांना कोणाला तरी ‘गाडी गांठून द्यावयाची’ असे, मग दुडकीची भरधाव होई. थंड पडलेलें अंग आणि अचानक आलेली घाई, या दोहोंचा भार शेवटीं कोठें पडत असेल तर तो घोड्याच्या पायाच्या मागच्या बाजूस, टाचेच्या वर वीतभर लांबीच्या एका दोरीवर. माणसाच्या घड्याळाची घाई अशा रीतीनें घोड्याच्या पायांत उतरली.

ही दोरी म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो भाग आपण गुडघा म्हणून ओळखतों, तो वस्तुतः आपल्या मनगटाच्या ठिकाणीं आहे. घोडा एका पायाच्या एकाच बोटाच्या नखावर उभा असतो. त्या सांध्याच्या खालीं मांसल स्नायु असे नाहींतच; तेथें हाड, कातडी, बंधनें आणि कंडरा एवढींच आहेत. स्नायु वर, आणि त्यांची ओढ खालीं पोंचविणाऱ्या लांब कंडरा, अशी ही रचना. तिचा लाभ मोठा आहे: खालचा पाय हलका राहतो आणि कंडरा रबरासारखी ताणून पुन्हां आखडते, त्यामुळें प्रत्येक टापेला खर्च झालेली शक्ति अंशतः परत मिळते. पण या काटकसरीची किंमतहि मोठी आहे. घोडा भरधाव सुटला असतां त्याच्या एकाच पायावर क्षणभर त्याच्या सर्व देहाच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, आणि पृष्ठभागाजवळची कंडरा आपल्या लांबीच्या शेंकडा पंधरासोळापर्यंत ताणली जाते. ती जेवढी ताण सहन करूं शकते, त्याच्या अगदीं काठावर तिचें रोजचें काम चालतें. शिवाय ताणण्या-आखडण्याच्या घर्षणानें तिचा गाभा तापतो. धांवत्या घोड्याच्या कंडरेंत ४५ अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता १९९४ मध्यें प्रत्यक्ष मोजण्यांत आली आहे. रक्ताचा पुरवठा तिला मुळांतच बेताचा. म्हणून एकदां तिचे तंतु तुटले कीं ती सांधते, पण पूर्ववत् होत नाहीं. नव्यानें जें भरतें तें वणाचें ऊतक: ताठर, कमी लवचीक, आणि पुन्हां तुटण्यास तयार. घोडा म्हातारा होतो तसतसे हे तंतु आपोआपहि झिजत जातात. म्हणून शर्यतींत कधींहि न धांवलेलें टांग्याचें तट्टूहि या दुखण्यापासून सुटत नाहीं.

या दुखण्याशीं आमच्या पूर्वजांचा परिचय जुना आहे. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचें नांव संस्कृत परंपरेंत सांगितलें जातें. नकुलाच्या नांवावर आणि जयदत्ताच्या नांवावर असेच ग्रंथ आहेत, आणि शालिहोत्राचीं फार्सी भाषांतरेंहि झालीं. इंग्रजी रिसाल्यांत देशी अश्ववैद्यास ‘सालुत्री’ म्हणत. तो शब्द या ऋषीच्या नांवाचाच अपभ्रंश आहे. महाराष्ट्रांत मात्र घोड्याच्या पायाचा खरा रखवालदार पंडित नव्हता, तो नालबंद होता. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगतांना सभासद पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद यांची नेमणूक सांगतो. पाणी आणि पाय, या दोन गोष्टींवर घोडदळ उभें असतें, हें ज्यानें जाणलें त्याच्या व्यवहारदृष्टीविषयीं वेगळें सांगावयास नको. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या बाजूस छावणीला असलेल्या जुमलेदारांस महाराजांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत दाणावैरण उधळून पुढें पावसाळ्यांत घोडीं मेलीं, तर तो दोष तुमचाच, अशा अर्थाची कडक समज आहे. जनावराच्या दुखण्याचें मूळ पुष्कळदां त्याच्या धन्याच्या अविचारांत असतें, हें ओळखणारा राज्यकर्ता त्या काळीं जगांत विरळाच होता.

परंतु पाय दुखावला म्हणजे नालबंदाजवळ उपाय कोणते होते? गूळ-चुन्याचा लेप, हळद-तेलाचें चोळणें, बिब्ब्याचा चटका, आणि शेवटीं डाग. सुश्रुतसंहितेंत अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि सळई तापवून दुखऱ्या भागावर ठेवण्याची ही विद्या माणसांप्रमाणेंच जनावरांसहि लागू केली जात होती. ती केवळ आपल्याकडेच होती असेंहि नाहीं. रोमन, अरबी आणि युरोपीय अश्ववैद्यांनीं हाच मार्ग धरला होता. लाल तापलेल्या लोखंडानें पायाच्या मागच्या बाजूस आडव्या रेघा किंवा ठिपक्यांच्या ओळी उठवावयाच्या. त्या दाहानें आंतलें रक्त जोमानें खेळतें आणि तुटलेली शीर सांधते, अशी समजूत. कांहींच्या मतें डागलेली कातडी कायमची जाड पट्टी बनून कंडरेला आधार देई. घोडा काय सोसत असेल, याचा विचार कोणास शिवत नव्हता असें नव्हे. पण उपाय हाच, अशी श्रद्धा असल्यावर दया हातावर हात ठेवून बसते.

इंग्रजी विद्येबरोबर हें चित्र पालटेल अशी अपेक्षा करणें स्वाभाविक होतें. १८६२ मध्यें पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. हिंदुस्थानांतील या विद्येची ती पहिली शाळा होय. आधीं लष्करासाठीं घोडा, मग शेतकऱ्यासाठीं बैल, असा सरकारच्या काळजीचा क्रम होता, हें ‘लष्करी’ या एका विशेषणावरूनच कळतें. पुढें सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें परळ येथें बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, आणि त्याच्या आश्रयानें १८८६ मध्यें मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. १८८९ च्या अखेरीस पुण्यासच जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं घोड्यांच्या ‘सुरा’ या ज्वराचा अभ्यास केला, आणि पुढें १८९३ मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वरास हलविण्यांत आली. परळच्या महाविद्यालयांतून ‘जी. बी. व्ही. सी.’ ही पदविका घेतलेले तरुण जिल्ह्याजिल्ह्यांतील गुरांच्या दवाखान्यांत जाऊन बसले. सांथीच्या रोगांविरुद्ध या विद्येनें मिळविलेलें यश निःसंशय मोठें आहे. पण लंगड्या घोड्याच्या बाबतींत? तेथें इंग्रजी पुस्तकें आणि देशी नालबंद यांचें एकमत होतें. पुस्तकांतहि डाग होता, भात्यावरहि डाग होता. फरक एवढाच कीं पुस्तकांतल्या सळयांचीं चित्रें सुबक छापलेलीं असत.

सुई तोंवर आलेली होती. एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनीं आणि फ्रान्समध्यें प्रावाझ यांनीं १८५३ च्या सुमारास इंजेक्शनची पिचकारी प्रचारांत आणली. पण घोड्याच्या कंडरेशीं सुईचा संबंध आला तो प्रथम डागाची धाकटी बहीण म्हणून. आयोडीनसारखीं दाहक द्रव्यें कंडरेच्या आसपास टोंचावयाचीं, म्हणजे बाहेरून पेटवावयाची आग आंतून पेटवावयाची. कल्पना तीच, हत्यार मात्र बारीक झालें. घोडा आणि सुई यांचें नातें याच काळांत दुसऱ्या एका बाजूनेंहि जुळत होतें, आणि त्यांत देणारा घोडा होता. घटसर्पावर व सर्पविषावर उतारा म्हणून जें प्रतिविष टोंचतात, तें घोड्याच्या रक्तांतून काढलेलें असतें. मुंबईच्या हाफकीन संस्थेनेंहि सर्पविषावरचें औषध याच रीतीनें तयार केलें. साप चावलेला कित्येक शेतकरी घोड्याच्या रक्तावर जगला आहे. घोड्याच्या पायासाठीं मात्र माणसाजवळ अजून तापलेली सळईच होती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कॉर्टिझोन आलें. १९४८ मध्यें संधिवातानें जखडलेल्या रोग्यांवर त्याचा आश्चर्यकारक परिणाम दिसला, आणि १९५० मध्यें त्याबद्दल नोबेल पारितोषिक दिलें गेलें. लौकरच हीं औषधें घोड्यांच्या सांध्यांत आणि कंडरांत टोंचण्यांत येऊं लागलीं. सूज उतरे, ऊब जाई, लंगडणें थांबे. धन्यास वाटे, घोडा बरा झाला. वस्तुतः बरी झाली होती ती केवळ वेदना. दाह हा शरीराच्या दुरुस्तीचा पहिला कामगार आहे. त्यालाच घरीं पाठविल्यावर नव्या तंतूंची घडण मंदावते, आणि दुबळ्या कंडरेवर निर्वेदन घोडा पूर्ण जोरानें पाय टाकतो. मग जें अर्धें तुटलें होतें तें पुरें तुटतें. घोड्याला बोलतां येत नाहीं. लंगडणें हीच त्याची भाषा आहे. मला थांबवा, एवढें एकच वाक्य त्याला त्या भाषेंत म्हणतां येतें. डागणारा निदान तें वाक्य ऐकून क्रूर उत्तर देत होता. या सुईनें तें वाक्यच पुसून टाकलें. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील अत्यंत बोधप्रद पान हेंच आहे. सुधारलेलें हत्यार हें सुधारलेल्या हेतूचें प्रमाण नव्हे.

डागाचा निकाल लागला तो १९८३ मध्यें. इंग्लंडांत ब्रिस्टल विद्यापीठाचे इयान सिल्व्हर आणि त्यांचे सहकारी यांनीं कंडरेच्या दुखापतीचा व उपचारांचा पद्धतशीर अभ्यास करून प्रसिद्ध केला. डागल्यानें कंडरा लौकर किंवा अधिक चांगली सांधत नाहीं, आणि डागलेली कातडी बळकट न होतां उलट पातळ व दुबळी होते, असें त्यांस आढळलें. १९९१ मध्यें तेथील पशुवैद्यांच्या राजमान्य संस्थेनें ही क्रिया नीतिबाह्य ठरविली. दोन हजार वर्षांची आग अशा रीतीनें विझूं लागली. त्याच सुमारास सोनोग्राफीचें यंत्र घोड्याच्या पायापर्यंत पोंचलें, आणि कातडीखालीं कंडरेच्या गाभ्यांत पडलेलें भोंक पशुवैद्यास प्रथमच डोळ्यांनीं दिसूं लागलें. दिसूं लागल्यावर तें भरण्याची कल्पना सुचली.

तें भरण्याचे नवे प्रयत्न दोन प्रकारचे आहेत. एकांत घोड्याचेंच रक्त काढून, त्यांतील रक्तकणिकांचा, म्हणजे जखम बांधणाऱ्या ‘प्लेटलेट’ नामक घटकांचा अंश दाट करून कंडरेंत टोंचतात. दुसरा प्रकार मूलपेशींचा. घोड्याच्या उरोस्थींतून मज्जा काढावयाची, तींतील मूलपेशी प्रयोगशाळेंत कांहीं आठवडे वाढवावयाच्या, आणि मग सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत सुमारें एक कोटी पेशी त्या भोकांत सोडावयाच्या. लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतील रॉजर स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनीं ही रीत २००३ मध्यें मांडली. २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा उपचारानंतर शर्यतीस परतलेल्या ज्या ११३ घोड्यांची दीर्घकाळ नोंद ठेवली, त्यांपैकीं शेंकडा २७ घोड्यांस तीच दुखापत पुन्हां झाली. पूर्वीच्या उपचारांनंतर हें प्रमाण याहून पुष्कळ जास्त असे. अर्थात् ही तुलना जुन्या नोंदींशीं आहे. एकाच वेळीं उपचार केलेले व न केलेले घोडे समोरासमोर ठेवून ती केलेली नाहीं. म्हणून विजयाचा नगारा वाजविण्याची घाई शहाण्यानें करूं नये. तथापि सुईचा हेतु येथें प्रथमच पालटला, हें खरें: जाळण्यासाठीं नव्हे, गप्प बसविण्यासाठींहि नव्हे, तर शरीर स्वतः जें करूं पाहतें त्यास हात देण्यासाठीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. डाग जर निरुपयोगी होता, तर जगांतील सर्व देशांचे अनुभवी अश्वपारखी इतकीं शतकें त्यावर विश्वास ठेवून कां राहिले? ते सगळे मूर्ख होते असें मानणें सोपें आहे. पण तें आम्हांस पटत नाहीं. डागलेले घोडे पुष्कळदां खरोखरच बरे होत. कारण साधें आहे. डागलेल्या पायाचा घोडा महिनेच्या महिने कामास लावतां येत नसे. फोड, खपल्या, सूज यांमुळें त्याला सक्तीची विश्रांति मिळे, आणि ही विश्रांति हेंच खरें औषध होतें. श्रेय मात्र सळईला मिळे. आजच्या मूलपेशींच्या उपचारांतहि सुई टोंचण्यास घटकाभर लागतो. पुढें नऊ महिने ते वर्षभर घोड्यास आधीं तबेल्यांत ठेवून, मग हातीं धरून मोजकीं मिनिटें चालवून, मग हळूहळू दुडकीवर आणावें लागतें. सुई ही त्या वर्षाची केवळ पहिली ओळ आहे. माणूस घोड्याला विश्रांति देण्यास आपण होऊन तयार नव्हता. म्हणून त्याला ती आगीच्या निमित्तानें द्यावी लागली, असा या इतिहासाचा निष्कर्ष आम्ही काढतों.

परंतु ‘माणूस’ म्हणजे कोणता माणूस, हेंहि पाहिलें पाहिजे. फौजेंतल्या बारगिराचा घोडा सरकारचा. तो लंगडला तर पागेंतून दुसरा मिळे. शर्यतीच्या घोड्याचा धनी श्रीमंत. वर्षभर वाट पाहणें त्यास परवडतें. मनमाडच्या स्टेशनाबाहेर उभ्या असणाऱ्या टांगेवाल्याचें तसें नव्हतें. एक टांगा आणि एक घोडा, हा त्याचा सारा प्रपंच. घोडा उभा राहिला तरी त्याची चंदी आणि गवत उभें राहत नाहीं, सावकाराचें व्याज तर नाहींच नाहीं. त्याला वैद्यानें सांगितलें कीं नऊ महिने घोडा जुंपूं नकोस, तर ती चिठ्ठी औषधाची नसून उपासाची होती. १८९० च्या कायद्यानें कामास असमर्थ असलेलें जनावर जुंपणें हा गुन्हा ठरविला. कायदा योग्यच होता. मुक्या जिवाच्या बाजूनें कोणीतरी उभें राहणें अवश्य होतें. पण त्यानें दंड सांगितला, दाणा सांगितला नाहीं. परळच्या रुग्णालयासारखी जागा मुंबईस होती. मनमाड-मालेगांवच्या सडकेवर ती कोठून येणार? लंगडा घोडा जुंपणारा टांगेवाला क्रूर होता असें म्हणून आपण मोकळे होतों. गाडी गांठण्यासाठीं ‘जरा पळव कीं’ म्हणून मागें बसून ओरडणारा उतारू मात्र या हिशेबांत कधींच येत नाहीं. आणि तो उतारू बहुधा आपल्यासारखाच शिकलेला, पांढरपेशा गृहस्थ असे.

यावर कोणी म्हणेल कीं, श्रीमंतांच्या शर्यतींच्या पैशावरच हें संशोधन झालें, मग त्यांना दोष कां द्यावा? आम्हीहि तो देत नाहीं. घोड्याच्या कंडरेवर मिळविलेलें ज्ञान माणसाच्या टाचेच्या शिरेवरच्या उपचारासहि उपयोगी पडत आहे, हीहि गोष्ट खरी. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्ञान उत्पन्न होणें आणि तें गरजवंतापर्यंत पोंचणें, या दोन घटनांच्या मधल्या अंतराचाहि इतिहास लिहिला गेला पाहिजे. येथें तर तें अंतर इतकें वाढलें कीं औषध आलें तेव्हां रोगीच रस्त्यावरून निघून गेला होता. रिक्षा आल्या, गांवोगांवचे टांगे मोडीत निघाले. मुंबईंतील घोडागाड्या तर उच्च न्यायालयानें २०१५ मध्यें बेकायदा ठरवून वर्षभरांत बंद करावयास सांगितल्या. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानासारख्या ठिकाणीं घोडा अद्याप पोट भरतो, लग्नाच्या वरातींत तो मिरवतो. पण ज्या लाखों टापांनीं आपला देश स्टेशनापासून घरापर्यंत वाहिला, त्यांचा हिशेब कोणी ठेविला नाहीं.

तरीहि घोडा महाराष्ट्रांतून गेलेला नाहीं. भीमेच्या कांठच्या ज्या काटक भीमथडी तट्टांवर मराठ्यांच्या फौजा फिरल्या, त्यांस स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता २०२४ मध्यें मिळाली. तोंवर त्यांस मुख्यतः मेंढरांमागें भटकणाऱ्या धनगरांनीं जपलें होतें. सारंगखेड्यास तापीच्या कांठीं दत्ताच्या यात्रेंत अजून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. येवल्याचा मंगळवार अजून मोडलेला नाहीं. तेथें जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दांत पाहतो, चाल पाहतो, आणि मग खालीं वांकून पुढच्या पायाच्या मागच्या बाजूवरून आपलीं बोटें सावकाश खालीं फिरवितो. कोठें ऊब लागते काय, कोठें फुगवटा आहे काय, कोठें दाबतां घोडा पाय आंखडतो काय, हें तो बघतो. सोनोग्राफीचें यंत्र पडद्यावर दाखवितें, तें या बोटांना पूर्वीपासून थोडेंफार कळत आले आहे. दुखणें ओळखणें माणसाला फार पूर्वींच साधलें होतें. सुईमध्यें काय भरावें हेंहि आतां हळूहळू साधत आहे. मधलें वर्ष कोणी द्यावयाचें, हा प्रश्न मात्र नालबंदाच्या काळीं होता तेथेंच आहे, आणि त्याचें उत्तर कोणत्याहि प्रयोगशाळेंतून यावयाचें नाहीं.